साक्ष देणे हे कोणाचे काम?

काही वर्षांपूर्वी माझ्या एका सहकाऱ्याच्या आईचे निधन झाले. कामावर परतल्यानंतर काही दिवसांनी त्याने मला विचारले की, मरणाची मला भीती वाटत नाही का, आणि वाटत नसेल तर का वाटत नाही. तो मनापासून विचारत होता आणि उत्तर मला ठाऊक होते. तरीही काळ सर्व दुःखांवर औषध असतो, असे काहीतरी बोलून मी विषय मिटवला. घरी आल्यावर मी मनाची समजूत घातली की, अशा विश्वासाच्या गोष्टी पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, बोलाव्यात आणि आपण त्याच्यासाठी प्रार्थना करावी. ही समजूत किती निराधार होती, हे मला पुढे बायबलच्या नव्या करारातील, लूकने लिहिलेले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सावकाश वाचताना उमगले.

येशूवरील विश्वासासाठी स्तेफन या शिष्याला दगडमार करून ठार मारल्यानंतर यरुशलेमेतील विश्वासणाऱ्यांच्या मंडळीचा मोठा छळ सुरू झाला. आठव्या अध्यायाच्या पहिल्या वचनात लूक सांगतो की, प्रेषितांखेरीज सर्व जण यहूदिया व शोमरोन या प्रांतांत पांगले, आणि चौथ्या वचनात तो म्हणतो की, जे पांगले ते सुवार्ता, म्हणजे येशूविषयीची शुभवार्ता, सांगत फिरले. ही दोन वचने मी अनेकदा वाचली होती, परंतु ‘प्रेषितांखेरीज’ या शब्दापाशी कधी थांबलो नव्हतो. ज्यांना आपण सुवार्तेचे अधिकृत प्रचारक समजतो ते बारा प्रेषित यरुशलेमेतच राहिले होते. रस्त्यावर होते ते घरदार सोडून निघालेले साधे विश्वासणारे, ज्यांना कोणी नेमले नव्हते की हात ठेवून पाठवले नव्हते. त्यांच्यापैकी कुप्र व कुरेने येथील काही जण अंत्युखियास पोहोचले आणि तेथील ग्रीक लोकांना त्यांनी प्रभू येशूविषयी सांगितले. त्या माणसांची नावेसुद्धा लूकने नोंदवलेली नाहीत. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम त्याच अंत्युखियात मिळाले. आपण आज जे नाव लावतो ते अशा अनामिकांच्या बोलण्यातून उभ्या राहिलेल्या मंडळीत जन्मले, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

यावर एक जुना आक्षेप आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 28व्या अध्यायातील, सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करण्याची आज्ञा प्रभूने अकरा शिष्यांना दिली होती, तेव्हा ती त्यांच्याबरोबरच संपली, असे म्हणणारे सर्व काळांत होऊन गेले. व्यवसायाने चांभारकाम केलेल्या विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्यांनी 1792 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत याला दिलेले उत्तर मला आजही बिनतोड वाटते. ही आज्ञा केवळ प्रेषितांपुरती असेल, तर त्याच वाक्यातला बाप्तिस्मा देण्याचा अधिकारही त्यांच्यापुरताच मानावा लागेल, आणि युगाच्या समाप्तीपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे, या अभिवचनावरही आपला हक्क उरणार नाही. अभिवचन आपले आणि आज्ञा मात्र दुसऱ्याची, असे वाटप शास्त्रात कोठेही नाही.

सुवार्तिक हे एक विशेष दान आहे आणि ते सर्वांना मिळालेले नसते, हे प्रेषित पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे. ते मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु प्रेषितांची कृत्ये 1:8 मधील शब्द ‘साक्षी’ हा आहे, आणि साक्षीदाराकडून वक्तृत्वाची किंवा वादात जिंकण्याची अपेक्षा नसते, जे पाहिले तेवढेच सांगण्याची असते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला, येशूने दृष्टी दिलेला जन्मांध मनुष्य परूश्यांच्या, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाच्या लोकांच्या, धर्मशास्त्रीय प्रश्नांपुढे अडला नाही. आपण आंधळे होतो आणि आता आपल्याला दिसते, एवढे एकच आपल्याला ठाऊक आहे, असे त्याने सांगितले. गरसेकरांच्या प्रदेशात ज्याच्यातून भुते निघाली, त्या माणसाला प्रभूबरोबर जायचे होते, पण प्रभूने त्याला स्वतःच्या घरी, स्वकीयांकडे पाठवले. मला तर घरी सांगणेच सर्वांत अवघड वाटते, कारण आपल्या दोषांची यादी घरच्यांकडे आधीच तयार असते.

म्हणूनच ही जबाबदारी कशी पार पाडायची, याबद्दल शास्त्र तितकेच काटेकोर आहे. पेत्र आपल्या पहिल्या पत्रात म्हणतो की, आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सदैव सिद्ध असा, आणि लगेच सौम्यतेची व आदराची अट घालतो. यरुशलेमेतून पांगलेल्यांपैकीच असलेल्या फिलिप्पाकडे पाहा. रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचणाऱ्या हबशी अधिकाऱ्याला त्याने प्रथम एक प्रश्न विचारला, वाचता ते समजते का, आणि अधिकाऱ्याने रथात येऊन बसण्याची विनंती केल्यावरच फिलिप्प बोलू लागला. समोरच्याच्या आजाराचा, गरिबीचा किंवा शोकाचा फायदा घेऊन त्याला विश्वासाकडे ओढणे ही साक्ष नव्हे; त्याने नको म्हटल्यावर थांबणे आणि तरीही त्याच्यावर पूर्वीइतकेच प्रेम करीत राहणे हाही आज्ञापालनाचाच भाग आहे, असे मी मानतो. वाढ देणारा देव आहे, हे पौलाने करिंथकरांस सांगितले ते याच अर्थाने फार मोठे सांत्वन आहे: लावण्याचे व पाणी घालण्याचे काम आपले, त्यापुढचे आपल्या हाती नाही.

त्या सहकाऱ्याकडे मी सुमारे वर्षभराने गेलो. तू विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी टाळले होते, त्याबद्दल मला क्षमा कर, असे म्हणून मी माझ्या वडिलांच्या शेवटच्या आठवड्याविषयी आणि पुनरुत्थानाच्या आशेने आम्हाला कसे धरून ठेवले त्याविषयी त्याला सांगितले. बोलताना माझा आवाज दोनदा अडखळला. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला, आणि मग म्हणाला, “हे त्याच वेळी का नाही सांगितलेस?”