क्वेकरांच्या दप्तरात तीन दिवस

माझ्या जावयाच्या आजोळी एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्यांची कोणी एक पूर्वज स्त्री पेनसिल्व्हेनियातील क्वेकर घरात (क्वेकर हा युद्ध न मानणारा, मूक उपासना करणारा ख्रिस्ती पंथ) जन्मली, तिने पंथाबाहेरच्या तरुणाशी लग्न केले आणि तिच्या माणसांनी तिला कायमचे दार बंद केले, अशी ती गोष्ट. विहीणबाई निवृत्त झाल्यापासून या बाईचा माग काढत आहेत. गेल्या ऑक्टोबरात मी लेकीकडे न्यू जर्सीला असताना त्यांनी सोबत येता का म्हणून विचारले आणि मी लगेच होकार दिला, कारण नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या चोपडीत माझ्या पणजोबांच्या हातची चार ओळींची नोंद पाहिल्यापासून मला अशा कागदांची ओढ लागली आहे.

निघण्याच्या आदल्या रात्री ‘डिसओनमेंट’ला, म्हणजे क्वेकर सभासदाला पंथातून काढून टाकण्याला, तुमच्या भाषेत काय म्हणतात, असे त्यांनी विचारले. मी ‘वाळीत टाकणे’ असे सांगून मोकळी झाले, आणि वाळीत म्हणजे पाणवठा, पंगत, सोयरीक, मयताला खांदा असे सगळेच बंद होणे, आणि त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये कायदा करावा लागला, हेही सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. पुढचे तीन दिवस मी माझे हे भाषांतर दुरुस्त करत होते.

पहिल्या दिवशी आम्ही फिलाडेल्फियातील आर्च स्ट्रीटवरच्या सभागृहात गेलो. क्वेकर त्याला चर्च म्हणत नाहीत. ते ‘मीटिंग हाउस’. ही जागा पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन याने १७०१ मध्ये दफनभूमीसाठी दिली आणि आजची विटांची इमारत १८०३ ते १८०५ या काळात उभी राहिली. आत वेदी नाही, क्रूस नाही, चित्र नाही, धर्मोपदेशकाचे व्यासपीठही नाही. आहेत ती फक्त लांबलचक लाकडी बाके, ज्यांच्यावर लोक मूकपणे बसतात आणि ज्याला आतून काही स्फुरेल तो उठून बोलतो. आवारात हजारो माणसे पुरलेली आहेत, पण विहीणबाई थडगे शोधू लागल्या तर पायाखाली नुसती हिरवळ. मेलेल्यांत लहानमोठा दिसू नये म्हणून जुने क्वेकर नावाचा दगडच उभारत नसत. पूर्वजांचा शोध घेणारा इतर पंथांत दफनभूमीपासून सुरुवात करतो. इथे त्याला वह्यांकडेच जावे लागते.

वह्या मात्र किती! प्रत्येक गावची मंडळी ‘मासिक सभे’त जोडलेली, त्यांच्यावर त्रैमासिक सभा, तिच्यावर वार्षिक सभा. जन्म, मृत्यू, लग्न, एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना सोबत न्यायचा दाखला, आणि सभासदाच्या वागणुकीविषयीची तक्रार, असे सगळे मासिक सभेच्या इतिवृत्तात उतरे. त्यातही त्या काळी पुरुषांची सभा वेगळी आणि बायकांची वेगळी असे, म्हणून इतिवृत्तेही दोन. अठराव्या शतकाच्या मध्यापासून शिस्त फार कडक झाली. बाहेरच्याशी लग्न, कर्ज बुडवणे, दारू, मारामारी, शपथ घेणे, सैन्यात जाणे, यांपैकी काहीही सभासदाला काढून टाकायला पुरेसे असे. घराण्याच्या प्रमुखाने मुलाच्या अशा लग्नाला डोळेझाक केली तरी तो दोषी. सरहद्दीवरचा प्रसिद्ध शिकारी डॅनियल बून याच्या वडिलांनी १७४२ मध्ये मुलीच्या लग्नाबद्दल सभेपुढे चूक कबूल केली होती. नंतर मुलानेही तेच केले तेव्हा मात्र ते नमले नाहीत आणि १७४८ मध्ये एक्झिटरच्या सभेने त्यांना काढले. दोन वर्षांत ते कुटुंबकबिला घेऊन नॉर्थ कॅरोलिनाकडे निघाले.

आर्च स्ट्रीटवरून पश्चिमेला थोडे चालले की पाचव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर ‘फ्री क्वेकर’ मंडळींचे सभागृह लागते. स्वातंत्र्ययुद्धात शस्त्र किंवा सरकारी पद हाती घेतल्याबद्दल ज्यांना काढले, त्यांनी सॅम्युएल वेदरिलच्या पुढाकाराने १७८१ मध्ये आपली वेगळी सभा स्थापली आणि १७८३ मध्ये ही इमारत बांधली. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची सुबक प्रत ज्याच्या हस्ताक्षरात आहे तो टिमथी मॅटलॅक या सभेतलाच. अमेरिकेचा पहिला झेंडा शिवल्याची आख्यायिका जिच्याभोवती आहे ती बेट्सी रॉसही इथलीच, जिला १७७३ मध्ये पंथाबाहेरच्या जॉन रॉसशी पळून जाऊन लग्न केल्याबद्दल काढले होते. या मंडळींनी स्वतःच्या नियमांतून सभासद काढण्याचे कलमच गाळून टाकले. दर्शनी भिंतीवरच्या शिळेत १७८३ सालापुढे ‘साम्राज्याचे आठवे वर्ष’ असे कोरलेले आहे. युद्धाला नकार देणाऱ्या पंथातून बाहेर पडलेल्यांना ‘साम्राज्य’ हा शब्द सुचावा, याची मला गंमत वाटली. १८३० च्या दशकात ही सभा माणसांअभावी बंद पडली.

दुसऱ्या दिवशी शहराच्या उत्तरेला अ‍ॅबिंग्टनला गेलो, ते बेंजामिन ले याच्यासाठी. जेमतेम चार फूट उंचीचा, पाठीला कुबड असलेला हा माणूस गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांना भर सभेत धारेवर धरी. १७३८ मध्ये बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेत त्याने पोकळ केलेल्या पुस्तकात लाल रसाची पिशवी लपवून नेली आणि तलवारीने ती भोसकून आजूबाजूच्या गुलाममालकांवर ते ‘रक्त’ उडवले. त्याला काढण्यात आले. त्याच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, १७५८ मध्ये, फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांवर शिस्तीची कारवाई करण्याचे ठरवले, आणि १७७६ पासून गुलाम बाळगणे हेच काढून टाकण्याचे कारण झाले. मला थबकवले ते मात्र वेगळ्याच गोष्टीने: काढून टाकलेला हा माणूस पुरला गेला तो अ‍ॅबिंग्टनच्या क्वेकर दफनभूमीतच, बायको सेराच्या सोबतीने. २०१८ मध्ये तेथे दोघांच्या नावाचा लहानसा दगड बसवला आहे. खांदा नाकारणारे वाळीत ते हे नव्हे, असे मी विहीणबाईंना तिथेच सांगितले.

तिसऱ्या दिवशी स्वार्थमोर. फिलाडेल्फियाहून उपनगरी गाडीने सुमारे अर्ध्या तासाचा प्रवास, आणि स्टेशनातून बाहेर पडताच कॉलेजपर्यंत चढत जाणारी, दुतर्फा ओकची झाडे असलेली सरळ वाट. १८७१ पासूनचे फ्रेंड्स हिस्टॉरिकल लायब्ररी हे क्वेकरांचे दप्तर इथल्या ग्रंथालयात आहे. जवळच्या हॅवरफर्ड कॉलेजात त्याचे दुसरे अंग. याचे कारण १८२७ ची फूट. एलियास हिक्स या क्वेकर वक्त्याला मानणारे आणि सनातनी असे दोन तट पडले आणि प्रत्येक गावी दोन सभा, दोन वह्या झाल्या. सनातन्यांनी हिक्सवाल्यांना घाऊक प्रमाणात काढले, त्यामुळे एकच माणूस एका वहीत काढलेला आणि दुसरीत सन्माननीय सभासद असा दिसतो. सुदैवाने आमची बाई फुटीच्या आधीची.

विहीणबाईंच्या हातात एकच ओळ होती. विल्यम वेड हिनशॉ नावाच्या गृहस्थाने, जो पूर्वी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गात असे, १९३६ पासून अमेरिकेतील क्वेकर सभांच्या नोंदींचे जाडजूड खंड छापले. त्यात जागा वाचवण्यासाठी अक्षरांची सांकेतिक भाषा आहे: ‘डीआयएस’ म्हणजे काढले, ‘एमओयू’ म्हणजे ऐक्याबाहेर लग्न, ‘जीसीटी’ म्हणजे अमुक सभेकडे जाण्यास दाखला दिला. ओहायोच्या खंडात त्यांच्या पूर्वज बाईच्या नावापुढे ‘आरएसटी’ आहे, म्हणजे पुन्हा सामावून घेतले, आणि तेही मूळ सभेच्या संमतीने. घरची गोष्ट तर दार कायमचे बंद झाल्याची होती.

सकाळ मात्र आमच्या चुकीने वाया गेली. बाईच्या आजोबांचा जन्म १७४० च्या दशकातील ‘दुसऱ्या महिन्यात’ असा लिहिलेला, आणि विहीणबाईंनी तो फेब्रुवारी समजून सगळा कालक्रम मांडला होता. क्वेकर देवदेवतांच्या नावांचे महिने आणि वार वापरत नसत, नुसते आकडे लिहीत. आणि इंग्रजी वसाहतींत १७५२ पर्यंत पहिला महिना होता मार्च. म्हणजे दुसरा महिना एप्रिल. आमचेही वर्ष पाडव्यालाच सुरू होते, असे मी सांगितल्यावर त्या हसल्या आणि सगळे तक्ते खोडरबराने पुसू लागल्या.

दुपारी बायकांच्या सभेच्या इतिवृत्तात ती सापडली. १७९० चे दशक, तपकिरी शाई, एका हाताचे नेटके वळण. चौथ्या महिन्यात तक्रार नोंदलेली, की तिने पंथाबाहेरच्या माणसाशी, पाद्र्याकरवी लग्न केले. दोघीजणींना तिला भेटण्यासाठी नेमले. पाचव्या महिन्यात त्या सांगतात, की तिने त्यांचे नीट स्वागत केले, परंतु कृत्याचा निषेध करण्याची तिची इच्छा दिसली नाही. प्रकरण पुढे चालू. सहाव्या महिन्यात पुन्हा भेट, पुन्हा तेच. सातव्या महिन्यात पुरुषांच्या सभेकडे पाठवलेला मसुदा परत येतो, तिला प्रत नेऊन देण्यासाठी आणि अपिलाचा हक्क सांगण्यासाठी एकीला नेमले जाते, आणि तिला चुकीची जाणीव होईपर्यंत ती आमची सभासद नाही, एवढेच निवेदन नोंदले जाते. लग्नाला हजर राहिलेल्या भावाची मात्र त्याच वर्षीची लेखी दिलगिरी पुरुषांच्या वहीत आहे, तो सुटला.

म्हणजे पंगत बंद नाही, पाणी बंद नाही. रविवारच्या, म्हणजे त्यांच्या ‘पहिल्या दिवसा’च्या, मूक उपासनेला ती बसू शकत होती. कारभाराच्या सभेत बसणे, वर्गणी देणे आणि अडीअडचणीत सभेची मदत मागणे हे बंद. आपल्या इतिहासात याच्या जवळ जाते ते ग्रामण्य, म्हणजे प्रायश्चित्त घेईपर्यंतचा जातीचा बहिष्कार. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहावरून टिळक-रानड्यांवर आलेल्या ग्रामण्यातही शेवट प्रायश्चित्तावर झाला होता. क्वेकरांचे प्रायश्चित्त म्हणजे एक कागद: मी चूक केली, मला खेद आहे, मला पुन्हा घ्यावे. फरक एवढा की तो स्वतः लिहून सभेपुढे ठेवावा लागे आणि तो वाचला जाताना बहुधा उभे राहावे लागे.

आमच्या बाईने तो कागद अकरा वर्षांनी, ओहायोतून पाठवला. तिथल्या सभेने पेनसिल्व्हेनियाकडे संमती मागितली आणि ती मिळाली. जुन्या सभेच्या वहीत त्याची दोन ओळींची नोंद आहे, ज्यात हात जरा घाईचा वाटतो. विहीणबाईंनी ती ओळ तीनदा वाचली. बंद दाराची गोष्ट त्यांनी लहानपणी आजीकडून ऐकली होती.

मग प्रश्न उरला तो त्यांच्या स्वतःच्या शाखेचा, कारण त्यांचे घराणे ज्या मुलापासून चालते ते सगळे मेथडिस्ट, म्हणजे दुसऱ्याच ख्रिस्ती पंथाचे. उत्तर हिनशॉच्या त्याच पानावर, त्या बाईच्या ओळीखाली होते. क्वेकर आईबापांच्या पोटी जन्मलेले मूल जन्मानेच सभासद असे, पण काढलेल्या आईची मुले तशी नव्हती. त्यांच्यासाठी वेगळी विनंती करावी लागे. आईने केलेल्या विनंतीत चार धाकट्या मुलांची नावे आहेत. थोरल्याचे नाव त्यात नाही. तो लग्नाआधीच पोटात होता की तोवर दुसऱ्या कोणाकडे काम शिकायला ठेवला होता, यावर आम्ही परतीच्या गाडीत बराच वाद घातला, आणि दोघींनीही एकमेकींचे म्हणणे मानले नाही.