दोरीत बांधलेली बचावफळी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहावे, असे पत्र आले तेव्हा विषय शोधावा लागला नाही. २००५ सालच्या पावसाळ्यात आपल्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाने १९ वर्षांखालील गटात आधी कोल्हापूर शहराचे आणि नंतर विभागाचे अजिंक्यपद मिळवले. त्या संघात मी डाव्या बॅकला खेळत होतो. कार्यालयातील ढालीवर साल आणि स्पर्धेचे नाव कोरलेले आहे. तो संघ उभा कसा राहिला हे मात्र कोठेच नोंदलेले नाही, आणि ते नोंदले जावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कोल्हापुरात फुटबॉल हा पेठांचा आणि तालमींचा खेळ आहे, हे येथील वाचकांना सांगायला नको. पण नोकरीधंद्यासाठी दूर गेलेल्यांच्या मुलाबाळांसाठी थोडे सांगतो. ज्या तालमींच्या हौद्यात पैलवान घडले, त्यांतील अनेक तालमींनी फुटबॉलचेही संघ बांधले. पाटाकडील तालीम म्हटले की मंगळवार पेठ आणि शिवाजी तरुण मंडळ म्हटले की शिवाजी पेठ, हे समीकरण येथे लहान पोरालाही ठाऊक असते. १९४० साली स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा, म्हणजे आपल्या केएसएचा, हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत शाहू स्टेडियमच्या गॅलऱ्या भरलेल्या असतात. शालेय स्पर्धा मात्र भर पावसात होतात. त्यामुळे तालमींच्या संघांतून उमेदवारी करणारी मुले त्या काळात शाळेला मोकळी मिळतात, आणि हिवाळ्यात एकमेकांना भिडणाऱ्या मुलांना पावसाळ्यात एकच जर्सी घालावी लागते.

आमच्या संघाची खरी अडचण तीच होती. दोन स्टॉपरांपैकी, म्हणजे बचावफळीच्या मध्यभागी खेळणाऱ्या दोघांपैकी, एक मंगळवार पेठेतला आणि दुसरा शिवाजी पेठेतला. दोघेही अंगापिंडाने दणकट, हेडिंगला उत्तम, आणि आदल्या हंगामातील एका सामन्यापासून एकमेकांशी बोलणे टाकलेले. जून महिन्यात सरावाला सुरुवात झाली तेव्हा चेंडू दोघांच्या मधून गेला की दोघेही जागचे हलत नसत, कारण दुसऱ्याला हाक मारणे कोणालाच मान्य नव्हते. बिचारा गोलरक्षक एकटाच ओरडून ओरडून घसा बसवून घेई.

आमचा सराव घेणाऱ्या सरांनी या दोघांना कधी समोरासमोर बसवून समजावले नाही. एके दिवशी मैदान आखण्यासाठी फक्कीबरोबर ठेवलेली सुती दोरी त्यांनी आणली आणि आम्हा चौघा बचावपटूंच्या कमरेला ठरावीक अंतर सोडून बांधली. समोर दोन आघाडीपटू चेंडू घेऊन उभे. चेंडू डावीकडे गेला की चौघांनी डावीकडे सरकायचे, पुढे गेला की चौघांनी वर चढायचे, डोक्यावरून येतोसा दिसला की चौघांनी मागे यायचे. एकाचे पाऊल चुकले की दोरीचा हिसका शेजाऱ्याच्या कमरेला बसे आणि चिखलात दोघेही आडवे होत. पहिल्या दिवशी आम्ही इतक्या वेळा पडलो की कोणाची जर्सी कोणत्या रंगाची आहे हे ओळखू येईना. पण दोरी असताना न बोलून चालत नाही. मंगळवार पेठेतल्याने अखेर ‘वर!’ अशी आरोळी दिली, शिवाजी पेठेतला त्या आरोळीसरशी वर चढला, आणि त्यानंतर ‘वर’ आणि ‘माघारी’ हे दोन शब्द आमच्या बचावफळीचे सगळे शास्त्र झाले. ऑफसाइडचा सापळा, म्हणजे समोरच्याने पास देण्याच्या क्षणी बचावफळीने एकदम पुढे सरून त्यांच्या आघाडीपटूला आपल्या मागे नियमबाह्य जागी सोडणे, हा फळ्यावर खडूने काढून समजत नाही. शेजारचा आपल्याबरोबर निघणारच, ही खात्री पायांत उतरावी लागते. ती खात्री आम्हाला त्या दोरीने दिली, असे मी आजही मानतो.

जुलैअखेरीस महापूर आला. पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, शाळा बंद झाल्या, गांधी मैदानाचे तळे झाले. तेवढे दिवस आम्ही शाळेच्या व्हरांड्यात दोरी बांधून चेंडूविना सरकत राहिलो. जर्सीचा एकच संच होता आणि त्या पावसात तो वाळणे अशक्य. आमच्या शिपाईमामांनी प्रत्येक जर्सी इस्त्री फिरवून कोरडी करून दिली. सकाळच्या सरावानंतर सर स्वतःच्या खिशातून गंगावेशीत धारोष्ण दूध पाजत, आणि तेथेच प्रथम ते दोन स्टॉपर एकमेकांच्या शेजारी उभे राहिलेले मी पाहिले.

शहर पातळीवरचा अंतिम सामना आम्ही टायब्रेकरवर जिंकला. त्याचे सारे श्रेय गोलरक्षकाचे. ओल्या मैदानावर टप्पा पडलेला चेंडू उसळत नाही, सापासारखा घसरत येतो. म्हणून तो धरण्याचा मोह टाळून मुठीने बाहेर काढण्याचा सराव त्याने महिनाभर केला होता, आणि त्या दिवशी तोच उपयोगी पडला.

विभागीय अंतिम सामन्यात समोर पाचगणीच्या एका निवासी शाळेचा संघ होता. डोंगरावर सराव करणाऱ्या त्या मुलांचा दम पाहण्यासारखा होता आणि जमिनीलगतचे त्यांचे छोटे पास आमच्यापेक्षा सरस होते, हे मान्य केलेच पाहिजे. पूर्वार्धात आम्हाला कॉर्नर मिळाला, शिवाजी पेठेतला स्टॉपर वर गेला आणि त्याने हेडरने गोल केला. त्यानंतरचा सामना बहुतेक आमच्याच अर्ध्यात झाला. शेवटच्या मिनिटांत त्यांच्या मध्यरक्षकाने मान वर करून आमच्या मागच्या मोकळ्या जागेकडे पाहिले, तेवढ्यात ‘वर!’ अशी आरोळी आली. मी शेजारी न बघता दोन पावले पुढे टाकली. चेंडू आमच्या डोक्यावरून गेला, त्यांचा आघाडीपटू गोलरक्षकासमोर एकटा पोहोचला, आणि रेषेवरील पंचांचा झेंडा वर गेला. आम्ही १-० ने जिंकलो.

राज्य स्पर्धेत आम्ही लवकर बाहेर पडलो. समोरचा संघ सर्वच बाबतींत चांगला होता. डिसेंबरात केएसएचा हंगाम सुरू झाल्यावर ते दोघे पुन्हा आपापल्या पेठेच्या बाजूने उभे राहिले आणि पूर्वीइतक्याच त्वेषाने खेळले, परंतु सामना संपला की एकाच मोटारसायकलवरून घरी जाऊ लागले.

गेली काही वर्षे आपल्या कनिष्ठ महाविद्यालयाचा संघ १९ वर्षांखालील गटात उतरलेला नाही. अकरावी-बारावीच्या मुलांचा वेळ शिकवण्यांत जातो हे मी जाणतो. तरीही सुवर्णमहोत्सवी वर्षात संघाची नोंदणी पुन्हा व्हावी, अशी व्यवस्थापनाला माझी आग्रहाची विनंती आहे. चेंडू, जाळ्या, बूट आणि जर्सीचे दोन संच यांचा खर्च त्या संघातील आम्ही सारे मिळून उचलू. सकाळच्या सरावाला उभे राहण्याची तयारी दोन्ही स्टॉपरांनी दाखवली आहे, आणि मीही त्यांच्याबरोबर येईन.