दाखल अंक एक्केचाळीस

मे महिन्यात आमच्या वाचनालयात ग्रंथपडताळणी चालते. पंख्याखाली दाखल नोंदवही, म्हणजे प्रत्येक पुस्तकाचा दाखल अंक (अनुक्रमांक) लिहिलेली वही, उघडून एकेक पुस्तक टिपत होते. तेवढ्यात एक वयस्कर बाबा पिशवी घेऊन देवघेवीच्या टेबलापाशी आले.

"ताई, हाई पुस्तक आमना आजानी पेटीमा सापडनं. तुमनंच शे ना?"

मासिकांचे बारा अंक एकत्र बांधलेले होते. पाठीला कसर लागलेली, मुखपृष्ठ गेलेलं. पहिल्या शिल्लक पानावर जांभळा शिक्का होता. आमच्या गावाचं नाव, मोफत वाचनालय आणि खाली 'जि. खानदेश'. नुसतं खानदेश!

मी पुन्हा वाचलं. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ साली झाले. आमचं गाव पूर्वेत गेलं, आणि १९६० मध्ये पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा झाला. वाचनालयाच्या दारावरचं स्थापनेचं साल मात्र १९५० नंतरचं आहे. त्या वर्षीच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानंतर आमच्या संस्थेची नोंदणी झाली आणि नोंदणीचं सालच जन्माचं साल होऊन बसलं. अनुदानाची नीट दप्तरं तर १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतरची. त्याआधीचं आमच्याकडे काहीच नाही.

जुना शिक्का लोक पुढेही मारत राहिले असतील, त्यामुळे हे पुस्तक कधी आलं ते सांगता येत नाही. पण शिक्का कोरला तेव्हा जिल्हा एकच होता. म्हणजे कोणीतरी १९०६ च्या आधीच या गावात वाचनालय मांडलं होतं.

आतल्या पुठ्ठ्याला नियमांचा कागद चिकटवलेला होता. घरी पुस्तक नेणाऱ्याने वर्गणी द्यावी, बसून वाचणाऱ्याकडून काही घेऊ नये. आजही आमची पद्धत तीच आहे. सकाळी वर्तमानपत्राच्या टेबलाशी हमाल, पेन्शनर, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं बसतात, त्यांना कोणी नाव विचारत नाही. ही रीत आम्हाला कुणी घालून दिली, ते मला त्या दुपारी कळलं, आणि माझे डोळे भरून आले.

नोंदवहीत नवा दाखल अंक टाकला, शेजारी पुस्तकावरचा जुना लिहिला, ४१. 'कसे मिळाले' या रकान्यात देणगी लिहायला लागले तर बाबांनी हात आडवा केला.

"देनगी लिखू नका, ताई. तुमनं तुमले दिन्हं."

मी लिहिलं, 'परत आले'.