दुसऱ्याचं नाव घेऊन

मंगळवार, रात्री

स्वतःसाठी प्रार्थना करायला शब्द शोधावे लागत नाहीत. काय दुखतंय, कशाची धास्ती आहे, काय हवंय, सगळं आतून ठाऊक असतं. दुसऱ्याचं नाव घेऊन देवापुढे बसलं की मात्र अडखळायला होतं. त्या माणसाच्या मनात काय चाललंय ते मला अर्धंमुर्धं माहीत असतं, आणि देवाला सगळं माहीत असतं, तेही माझ्या कितीतरी आधीपासून. मग मधे मी कशाला हवी?

आज प्रार्थनासभेत एका मुलीने नेमकं हेच विचारलं. "देवाला सगळं कळतं, तर आपण त्याला सांगतो काय?" कुणीतरी याकोबाच्या पत्रातलं पाचव्या अध्यायातलं वचन वाचलं, नीतिमानाच्या प्रार्थनेत फार बळ असतं ते, आणि सभा पुढे सरकली. वचन खरंच आहे. पण तिचा प्रश्न वेगळा होता. प्रार्थनेत बळ आहे की नाही, अशी शंका तिला नव्हती. देवाला आपल्या बोलण्याची गरज का पडावी, हे तिला समजून घ्यायचं होतं.

घरी येऊन उत्पत्तीचा अठरावा अध्याय काढला. पापाने भरलेल्या सदोम नगराकडे निघालेला परमेश्वर वाटेत म्हणतो, मी जे करणार आहे ते अब्राहामापासून लपवून ठेवू काय? हा अध्याय वाचताना आपलं लक्ष नगर वाचावं म्हणून अब्राहाम करतो त्या पुढच्या विनवणीकडे लागलेलं असतं: पन्नास नीतिमान सापडले तर, पंचेचाळीस सापडले तर, चाळीस, तीस, वीस, दहा. पण अब्राहामाने तोंड उघडण्यापूर्वीच देवाने विषय काढलेला आहे. न सांगता पुढे जाता आलं असतं, तरी तो सांगतो, आणि अब्राहाम त्याच्यासमोर उभा राहतो. देवाला माहिती नको होती. आपण करतो त्यात आपलं माणूस सामील असावं, त्या नगराचं ओझं त्यालाही कळावं, एवढ्यासाठी तो थांबला असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट आज पहिल्यांदा लक्षात आली. त्या सगळ्या बोलण्यात अब्राहाम लोटाचं नाव एकदाही घेत नाही. पुतण्या त्याच नगरात राहतोय, जीव त्याच्यासाठी तुटत असणार, पण नाव काही ओठांवर येत नाही. दहावर येऊन तो गप्प होतो. तेवढेही नीतिमान तिथे निघत नाहीत आणि नगर जळून जातं. पुढच्या अध्यायात मात्र लिहिलंय की देवाने अब्राहामाची आठवण केली आणि लोटाला त्या नाशातून बाहेर काढलं. जे उच्चारलं ते मिळालं नाही, आणि जे मनातच राहिलं तेही ऐकलं गेलं होतं. त्या मुलीला हे दोन्ही अध्याय एका बैठकीत वाचायला सांगणार आहे.

बुधवार

मैत्रिणीचा नवरा अतिदक्षता विभागात आहे. मंडळीतले सगळेच तो बरा व्हावा म्हणून प्रार्थना करतायत. मी तिला फोन करून विचारलं, "आज काय मागू?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांना झोप लागू दे. रात्रभर यंत्रांचे आवाज ऐकत छताकडे बघत असतात. आणि भेटायच्या वेळेत मला त्यांच्यासमोर रडू येऊ नये."

हे दोन्ही बाहेरच्या माणसाला सुचणं शक्य नाही. जो त्या खाटेशेजारी उभा आहे त्यालाच ते दिसतं. मार्कच्या दहाव्या अध्यायात आंधळा बार्तीमय ओरडत येतो तेव्हा येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्याला काय हवं असणार हे तिथल्या कुणीही सांगितलं असतं. प्रभू तरीही विचारतो आणि उत्तराची वाट बघतो. दुसऱ्यासाठी प्रार्थना करणाऱ्याने आधी एवढं तरी करावं, विचारावं. आपल्याला त्याच्यासाठी काय बरं वाटतं ते मागणं सोपं आहे, पण त्यात तो माणूस कुठेच नसतो.

तिने सांगितलेलं दोन्ही मागितलं. बरं होणंही मागितलं, आणि अगदी स्पष्ट मागितलं. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे मी म्हणते, पण मागून झाल्यावर. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभूनेही आधी हा प्याला माझ्यापासून दूर कर असं उघड म्हटलं आणि मग स्वतःला पित्याच्या इच्छेवर सोपवलं. आपल्यातले पुष्कळजण पहिला भाग गाळून थेट दुसऱ्यावर येतात. वरून ती नम्रता दिसते. मला मात्र त्यात निराश व्हायची भीती जास्त दिसते, आणि आजाऱ्याच्या घरच्यांना ती लगेच जाणवते.

गुरुवार, पहाटे

लूकचा बाविसावा अध्याय कितीदा वाचलाय, तरी आज तिथेच थांबले. येशू शिमोनाला, म्हणजे पेत्राला, सांगतो की सैतानाने तुम्हांला गव्हासारखं चाळायची परवानगी मागितली आहे. पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. चाळणी टळावी, असं त्याने मागितलेलं नाही. शिमोन त्या रात्री येशूला ओळखत असल्याचं तीनदा नाकारतो. वरवर पाहिलं तर खुद्द प्रभूची प्रार्थना फसली. पण ती प्रार्थना नाकारण्याच्या पलीकडच्या शिमोनासाठी होती: तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. 'वळलास तर' असं तो म्हणत नाही.

मुलं विश्वासापासून दूर गेलेली आईबापं मला भेटतात तेव्हा हा उतारा मी त्यांच्यासोबत वाचते. पुढे मोठा ख्रिस्ती आचार्य झालेल्या ऑगस्टीनची आई मोनिका त्यांना बहुधा माहीत असते, निदान तिचे अश्रू तरी माहीत असतात. पण त्या गोष्टीतला मधला भाग क्वचितच सांगितला जातो. मुलाने कार्थेज सोडून रोमला जाऊ नये म्हणून ती देवाची करुणा भाकत होती. त्याने तिला फसवलं, आणि ती प्रार्थनास्थळात असताना रातोरात जहाजाने निघून गेला. सकाळी किनाऱ्यावर ती आक्रोश करत उभी होती. मागितलं होतं ते हातून गेलं. पण त्याच प्रवासात तो पुढे मिलानला पोहोचला, तिथे त्याला बिशप अँब्रोज भेटला आणि ३८७ साली त्याच्याच हातून त्याने बाप्तिस्मा घेतला. ऑगस्टीनने हे सगळं स्वतः लिहून ठेवलंय. देवाने त्या रात्री आईचं ऐकलं नाही, कारण ती नेहमी जे मागत आली होती ते त्याला द्यायचं होतं, अशा अर्थाचं तो लिहितो.

सगळ्याच गोष्टी अशा जुळत नाहीत, हेही शास्त्र लपवत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात पेत्र तुरुंगात असतो, मंडळी त्याच्यासाठी कळकळीने प्रार्थना करते आणि देवदूत त्याला बाहेर आणतो. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला योहानाचा भाऊ याकोब तरवारीने मारला गेलाय, एका वचनात, कसलंही स्पष्टीकरण न देता. त्याच्यासाठी प्रार्थना झाली नसेल असं मला वाटत नाही. याकोबाच्या घरच्यांनी पेत्र सुटल्याचं ऐकलं असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार केल्याशिवाय मी तो अध्याय कुणालाही आधार म्हणून देत नाही.

मग कशावर टेकायचं? रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायावर. आपण कशासाठी कशी प्रार्थना करावी ते आपल्याला कळत नाही, असं तिथे पौलच म्हणतो, आणि पवित्र आत्मा अनिर्वाच्य कण्हण्याने मध्यस्थी करतो असं सांगतो. थोडं पुढे, ख्रिस्तही देवाच्या उजवीकडे आपल्यासाठी मध्यस्थी करतोय. इब्री लोकांस पत्रात तर म्हटलंय की त्यासाठी तो सर्वदा जिवंत आहे. म्हणजे मी रात्री मैत्रिणीच्या नवऱ्याचं नाव घेते तेव्हा त्याच्यासाठीची प्रार्थना माझ्यापासून सुरू होत नाही. ती आधीच चालू असते आणि मी तिच्यात जाऊन बसते. माझा डोळा लागला म्हणून ती थांबत नाही. पहाटे चार वाजता हे फार मोठं बळ वाटतं.

शनिवार

आज एकाने प्रार्थनेची विनंती म्हणून एका घरातलं भांडण सविस्तर सांगितलं. कोण कुणाला काय बोललं, पैसे कुणी दडवले, सगळं. शेवटी "आपण त्यांना प्रार्थनेत धरू या." मी तिथेच म्हटलं की देवाला ही बित्तंबातमी नको आहे, आणि त्या घरातल्यांनी आपल्याला ती सांगितलेली नाही. वाईट वाटलं त्यांना. पण ज्या माणसाचं नाव आपण देवापुढे घेतो त्याची लाज राखणं हा त्या प्रार्थनेचाच भाग आहे. नुसतं नाव पुरतं. नावही नको असेल तर 'एक घर' एवढं पुरतं.

यावरून अमेरिकेतला तो अभ्यास आठवला. २००६ साली प्रसिद्ध झाला होता: सहा रुग्णालयं, हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेले १८०२ रुग्ण. प्रार्थना करणाऱ्या गटांना रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर तेवढं दिलेलं, आणि १४ दिवस प्रार्थना. आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे माहीत नसलेल्या दोन गटांत काही फरक दिसला नाही; गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण ५२ आणि ५१ टक्के. ज्यांना प्रार्थना होणार हे नक्की सांगितलं होतं त्यांच्यात मात्र ते ५९ टक्के निघालं.

याने माझा विश्वास हलला नाही. देवाने दोन अनोळखी गटांत भेदभाव करून दाखवावा आणि तो मोजता यावा, अशी माझी कधीच अपेक्षा नव्हती. पण त्या ५९ टक्क्यांवरून मी पुढे जाऊ शकत नाही. संशोधकांनीच एक शक्यता मांडली होती, की 'माझ्यासाठी प्रार्थना करणारे बोलवावे लागले, म्हणजे मी इतका आजारी आहे का?' अशी काळजी काहींच्या मनात आली असेल. ते कारण असो वा नसो, हे मी खाटेशेजारी पाहिलंय. चार माणसं गंभीर चेहऱ्याने आत येतात, डोक्यावर हात ठेवतात, आवाज चढवतात, आणि आजारी माणूस घाबरून बायकोकडे बघतो. बरं झालं नाही तर आपलाच विश्वास कमी पडला, हे ओझंही त्याच्यावर टाकून जातात. मार्कच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षघाती मला अशा वेळी आठवतो. चौघे त्याला उचलून आणतात, छप्पर उघडून खाली सोडतात, आणि येशू त्यांचा विश्वास पाहतो असं लिहिलंय. खाटेवरचा माणूस एक अक्षर बोलत नाही. त्याच्याकडून कुणी काही मागतही नाही.

रविवार, उपासनेनंतर

मैत्रिणीचा निरोप आला. काल रात्री ते सलग काही तास झोपले. बाकी प्रकृती आहे तशीच.

आज यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत होते. सातव्या अध्यायात परमेश्वर त्याला म्हणतो, या लोकांसाठी प्रार्थना करू नकोस. अकराव्यात पुन्हा तेच. चौदाव्यात पुन्हा. तीनदा सांगावं लागलं, यावरूनच कळतं की तो थांबत नव्हता. आणि मग एकोणतिसाव्या अध्यायात, बाबेलला धरून नेलेल्यांना त्याने लिहिलेल्या पत्रात, उलटंच येतं: ज्या नगरात मी तुम्हांला पाठवलं त्याचं हित चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा. ज्या नगराने त्यांना घरादारापासून तोडून बंदी करून नेलं, त्या नगरासाठी! यरुशलेमेसाठी रडणाऱ्याच्या हातून हे लिहिलं गेलं.

माझ्या वहीतली नावं पाहिली. सगळी माझी माणसं. ज्या नातेवाइकाने आमच्या घराच्या वाटणीत आईला फार दुखावलं, त्याचं नाव त्यात नव्हतं. आज लिहिलं. त्याच्याबद्दल मनात अजून काही मऊ झालेलं नाही, आणि होईपर्यंत थांबायचं असं मत्तयच्या पाचव्या अध्यायात कुठे म्हटलेलं नाही. जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा, एवढंच आहे. या आठवड्यात त्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे असं कळलंय. ती नीट पार पडावी, नंतर उठायला-बसायला त्याला कुणीतरी जवळ असावं, इतकं मागता आलं.

बुधवारी लिहिलेल्या नियमाने बघितलं तर त्यालाही विचारायला हवं, काय मागू म्हणून. फोन नंबर आहे माझ्याकडे. शस्त्रक्रियेच्या आधी करायचा की नंतर, एवढं ठरवायचंय.