लाईट नसतानाचा नियम

आषाढ, बुधवार. रात्र.

पावसाळ्यात लाईट गेली की आमच्या घरातली सगळी माणसं फोन अगदी नीट वापरतात. हे मी बरेच पावसाळे बघते आहे, आज लिहून ठेवते.

दुपारी गेलेली लाईट दिवेलागण झाली तरी आली नव्हती. मुलीने मैत्रिणीला फोन लावला, उद्या शाळा आहे का विचारलं आणि फोन ठेवला. यांनी हवामान खात्याचा इशारा पाहिला, ऑरेंज अलर्ट आहे असं ओटीवरूनच मोठ्याने सांगितलं आणि ठेवला. सासूबाईंनी ठाण्याला वन्संना कळवलं की आम्ही सगळे बरे आहोत, आगरात पाणी शिरलेलं नाही. प्रत्येकाला आधी काम आठवलं, मग फोन हातात आला, काम संपल्यावर तो खाली गेला. चार्जिंग पुरवायचं होतं ना! मधल्या वेळात मुलगी आजीजवळ बसून कुळीथ निवडत होती आणि दोघींच्या गप्पा थांबत नव्हत्या.

माणसं तीच, फोनही तेच. चार्जिंग भरपूर असलं की मात्र काम मागे पडतं आणि हात आधी जातो. याला मी माणसाचा आळस म्हणायला तयार नाही. बोटाने सरकवत राहिलं की खाली नवीन काहीतरी येतच राहतं, ही सोय २००६ मध्ये आझा रास्किन नावाच्या अमेरिकन माणसाने बनवली. त्याआधी पान संपायचं आणि पुढचं उघडायचं की नाही हे आपण ठरवायचो. ती थांबायची जागाच काढून टाकली गेली. पुढे रास्किनने स्वतःच या गोष्टीबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. त्याच्याही कितीतरी आधी स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं की दाणा दरवेळी न मिळता कधी मिळाला, कधी नाही, असं झालं तर पक्षी चोच मारत राहतो. फोनमध्येही दहा फालतू गोष्टींमागून एक खरोखर आवडणारी येते. अशा रचनेपुढे चौदा वर्षांच्या मुलीने नुसत्या मनोनिग्रहावर टिकावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

पण फोनच नको म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी इथेच होते. माडा-पोफळींची आगरं आडवी झाली, घरांवरची कौलं-पत्रे उडाले, विजेचे खांब पडले. दापोली-मंडणगडकडे टॉवर बंद पडले. त्यात लॉकडाऊन. मुंबईतल्या लेकी-सुनांना, भावांना कित्येक दिवस आपली माणसं जिवंत आहेत की नाहीत हे कळायला मार्ग नव्हता. पहिल्यांदा रेंज आली आणि सासूबाईंनी वन्संचा आवाज ऐकला, तेव्हा त्यांना बोलताच येईना. ज्याने हे पाहिलंय तो फोनला वाईट म्हणणार नाही. शिवाय एप्रिल-मेमध्ये आमच्या आंब्याच्या पेट्यांची मागणी येते ती व्हॉट्सअॅपवरच. गाडी कुठवर पोचली, पेटीतला माल कसा निघाला, पैसे आले का, सगळं त्यातच.

म्हणून आम्ही लाईट नसतानाचा नियम लाईट असतानाही लावला आहे. आधी काम ठरवायचं, मग फोन घ्यायचा. माजघरातल्या कोनाड्यात पूर्वी तारेचा फोन असायचा. आता तिथेच चार्जर आहे आणि घरी असताना सगळ्यांचे फोन तिथेच राहतात. बोलायचं असेल तर तिथे जायचं, हवं तर ओटीवर घेऊन बसायचं, पण बोलून झालं की परत जागेवर. निजायच्या खोलीत फोन नाही. उठायला गजराचं घड्याळ आणलं.

जागेचं महत्त्व किती, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात वाचलं. फोन गप्प असूनही टेबलावर ठेवलेल्यांपेक्षा दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांनी बुद्धीच्या चाचण्या चांगल्या सोडवल्या. पुढच्या काही प्रयोगांत हा फरक एवढा ठळक आला नाही, तेव्हा त्यावर फार भार टाकू नये. पण मुलगी गणितं सोडवताना फोन माजघरात असला की मधे उठत नाही, हे मला रोज दिसतं.

खरी अडचण काळजीची होती. रात्री कोणाला बरं नसलं आणि फोन लागला नाही तर? त्यावर यांनी उपाय शोधला. रात्री ‘व्यत्यय नको’ लावतो आणि घरच्यांचे नंबर त्यातून वगळलेले आहेत. शिवाय तेच माणूस १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करेल तर घंटी वाजावी, अशी सोय त्यात असते. ती चालू केल्यापासून सासूबाईंची झोप सुधारली. विक्रीच्या जाहिराती, खेळ, बातम्या यांच्या सूचना सगळ्या बंद. माणसांना आमच्यापर्यंत पोचता यावं, कंपन्यांना नको.

सासूबाईंचं वेगळं आहे. गुडघ्यांमुळे त्यांना देवळात कीर्तनाला जाता येत नाही, त्या फोनवर ऐकतात. ते कमी करा असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होणं बंद करून दिलं. एक कीर्तन संपलं की आता शांतता होते, आणि दुसरं ऐकायचं की देवापुढे दिवा लावायचा हे त्या ठरवतात.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२ मध्ये गावानेच ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, मुलांनी अभ्यास करायचा. मला यातली सगळ्यांची एकी फार आवडते. एकटी मुलगी फोन ठेवते तेव्हा मैत्रिणींच्या गप्पांतून तुटते. सगळ्यांनीच ठेवला तर मागे काही राहतच नाही. आमच्या वाडीत घरं लांब लांब, भोंगा जमणार नाही. पण मुलीच्या वर्गातल्या तिघींच्या आयांशी बोलले आहे. संध्याकाळी साडेसात ते नऊ चौघींचेही फोन कोनाड्यात, असं ठरतंय. एकीच्या आईचं म्हणणं, नवरा बोटीवर असतो आणि किनाऱ्याजवळ आला की त्याच वेळी फोन करतो. तिला म्हटलं, त्याचा फोन घ्यायचाच, त्यासाठीच तर बाकीचं बंद करायचं.

आता गणपती जवळ आले. चाकरमानी येतील, घरात पंधरा-वीस फोन असतील आणि कोनाडा एवढासा. आरती आणि पंगतीच्या वेळी फोन बाजूला ठेवायचं धाकट्या भावोजींना आधीच सांगायला हवं, कारण त्यांना ऑफिसचे फोन सुट्टीतही येतात. उद्या फळीसाठी सुताराला निरोप देते.