सव्वादोन तोळ्यांची घडणावळ

मला जुन्या नाण्यांचा नाद आहे हे कळलं की लोक एक प्रश्न हमखास विचारतात. ‘फ्लोरिडाच्या समुद्रात सापडलेल्या त्या स्पॅनिश नाण्यात सोनं असून असून किती? सव्वादोन तोळे. मग किंमत कोटींत कशी?’ तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

हिशेब सोन्याचा नाहीच, घडणावळीचा आहे. तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या मेक्सिकोच्या टांकसाळीत १७०० च्या सुमारास आठ एस्कुदोचं (एस्कुदो म्हणजे स्पॅनिश सोन्याचं चलन) नाणं पाडायचे ते असं: बावीस कॅरेट सोन्याच्या पट्टीचे तुकडे पाडायचे, वजन २७ ग्रॅमच्या वर गेलं की कातरीने कडा छाटायची आणि हातोड्याने ठसा मारायचा. वजन आणि कस चोख असला की झालं, गोलाईची फिकीर कुणाला! मग राजाचं निम्मं नाव नाण्याबाहेर. आपल्या शिवराईवर ‘श्री राजा शिव’मधलं एखादं अक्षर हटकून कापलेलं असतं, तोच प्रकार.

पण याच टांकसाळीत क्वचित काही नाणी मन लावून पाडली गेली. राजाला सादर करण्यासाठी असावीत, असं मानतात. म्हणून त्यांना ‘रॉयल’ म्हणायचं. चकती गोल, ठसा मधोमध, स्पेनचा राजा पाचवा फिलिप याचं नाव सलग वाचता येतं. नाण्यावरच्या ढालीशेजारी टांकसाळीची खूण, ‘एम’च्या डोक्यावर बारीक ‘ओ’, आणि पारख्याचं ‘जे’ हे अक्षरही स्वच्छ.

जुलै १७१५ मध्ये अशी नाणी घेऊन हवानाहून स्पेनकडे निघालेल्या ताफ्यातली ११ जहाजं ३१ तारखेला वादळात फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर फुटली. हजारेक माणसं गेली, त्यांच्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही. चांदीची नाणी खाऱ्या पाण्यात काळवंडली, सोन्याला काही झालं नाही. बरोबर ३०० वर्षांनी, २०१५ मध्ये, तिथे साडेतीनशे सोन्याची नाणी मिळाली. अंदाजे किंमत ४५ लाख डॉलर. त्यांतली रॉयल फक्त नऊ, पण एकेकाचा अंदाज तीन लाख डॉलरचा. म्हणजे नऊ नाण्यांचे २७ लाख, उरलेल्या ३४१ नाण्यांचे मिळून १८ लाख. सोनं तेच, टांकसाळही बहुतेकांची तीच.

आणि हो, कुणी तुम्हाला गोल गरगरीत ‘रॉयल’ स्वस्तात देऊ केलं, तर आधी कागद मागा. कुठल्या जहाजातलं, कुणी काढलं, याची नोंद नसेल तर सोनाराकडे वजन करून सोन्याच्याच भावाने बोलणी करा. तेही ते सोनं निघालं तर.