लाकडाचं पेट्रोल आणि ऑक्सिजनची कटकट

लोक विचारतात, झाडपाल्यातून पेट्रोल बनतं म्हणता तर मग अडलंय कुठे? ऑक्सिजनपाशी अडलंय. लाकूड बरंचसं ग्लुकोजसारख्या साखरांच्याच साखळ्यांचं, आणि १८० किलो ग्लुकोजमध्ये ९६ किलो नुसता ऑक्सिजन आणि पेट्रोल-डिझेलला तो नकोच असतो. काढायचे रस्ते दोन, एकतर हायड्रोजन घालून त्याचं पाणी करा, म्हणजे त्या १८० किलोचं हेक्झेन (पेट्रोलमधला एक घटक) करायला १४ किलो हायड्रोजन ओता आणि हातात पडणार जेमतेम ८६ किलो, नाहीतर कार्बन डायऑक्साइड म्हणून जाऊ द्या, पण तो जाताना आपलाच कार्बन घेऊन जातो. कॅटॅलिस्ट (क्रिया घडवून आणणारा पदार्थ) कितीही भारी आणा, या हिशोबातून सुटका नाही.

अमेरिकेत मिसिसिपीतल्या कोलंबसला कायॉर कंपनीने पाइनच्या चिप्सवर हा खेळ मोठ्या स्केलला मांडला होता. मागे गुंतवणूकदार विनोद खोसला (हो, जन्म पुण्याचा!), वर राज्य सरकारचं साडेसात कोटी डॉलरचं बिनव्याजी कर्ज. आयडिया वाईट नव्हती हां, रिफायनरीत जड तेल फोडतात तसंच, हवा न देता लाकूड गरम कॅटॅलिस्टला भिडवायचं आणि निघालेली वाफ थंड करून तेल काढायचं. पण तेल सांगितलं तेवढं निघेना, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये दिवाळं.

अशा कामाला झेडएसएम-५ नावाचा झिओलाइट (बारीक भोकाभोकांचा खनिजासारखा कॅटॅलिस्ट) वापरतात, पांढरीशुभ्र पावडर, भोकं साधारण अर्ध्या नॅनोमीटरची. रन संपला की काळीकुट्ट होऊन बाहेर येते, सगळा कोक (साचलेला कार्बन), म्हणजे आपलंच वाया गेलेलं इंधन. हवेत साडेपाचशे डिग्रीला भाजली की परत पांढरी. पण लाकडाच्या राखेतलं पोटॅशियम थोडंच जळतंय, ते ॲसिड साइट्सवर, म्हणजे जिथे खरी क्रिया होते त्या जागांवर, ठाण मांडून बसतं आणि कॅटॅलिस्ट हळूहळू मरतो.

म्हणून कोणी उसाचं पाचट सुचवलं की मी आधी राखेचं विचारतो, ती पाइनपेक्षा कितीतरी जास्त. बगॅस (रस काढलेल्या उसाचा चोथा) त्यातल्या त्यात बरा पण तो फुकट पडलेला नाही, कारखाने तोच बॉयलरला घालून वीज विकतात.

मला विरेंट या अमेरिकन कंपनीचा रस्ता जास्त पटतो. झाडाची साखर पाण्यात विरघळवून घ्यायची, राखेची भानगड तिथेच संपली, लागणारा हायड्रोजनही बराचसा त्या साखरेतूनच काढायचा. डिसेंबर २०२१ मध्ये युनायटेडचं विमान शिकागोहून वॉशिंग्टनला गेलं, एका इंजिनात १०० टक्के नॉन-पेट्रोलियम इंधन, त्यातला ॲरोमॅटिक (बेन्झिनसारख्या कडीच्या रेणूंचा) भाग विरेंटचा. फक्त साखर खायच्या भावाने घ्यावी लागते.